किडनीसाठी विशेष प्रार्थना

रविवार, ५ जानेवारी

आज उपासनेत माझ्या किडनीसाठी विशेष प्रार्थना झाली. डावी की उजवी, ते पाळकसाहेबांनी देवावर सोडलं. मला विचारायचं मात्र दोघांकडूनही राहून गेलं.

"प्रभूने आपल्या पंडितभाऊंसाठी त्यांच्याच घरातून दाता तयार केला आहे," पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळी मंडळी जोरात आमेन म्हणाली. आमची उपासना सुरतेच्या उधन्यात साड्यांना घड्या घालायच्या कारखान्यावरच्या हॉलमध्ये होते. रविवारीही काम चालू असतं. म्हणजे खालच्या बायकांनाही कळलं असणार की सुषमा शिक्षिका आपला एक अवयव देणार आहे.

मी शेवटच्या रांगेत, जिन्याजवळच्या खुर्चीवर बसते. गेली आठ वर्षं तिथेच. पंडितदादा, माझा थोरला भाऊ, पहिल्या रांगेत बसतो, तो मंडळीचा वडील आहे ना, म्हणजे कारभार बघणाऱ्या मानकऱ्यांपैकी एक. आमच्यामध्ये अकरा रांगा आहेत. तेवढं अंतर पुरेसं आहे, असा माझा समज होता.

दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. ऑक्टोबरपासून डायलिसिस, सोमवार-बुधवार-शुक्रवार. रंजना वहिनींना मधुमेह, नगरच्या धाकट्या भावाला, नितीनला ब्लडप्रेशर. दोघंही बाद. नाताळला वहिनी केक घेऊन आल्या. "ताई, नुसतं रक्त तपासून बघा." तोंडात केक असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. तपासलं. सगळं जुळलं. आठ वर्षांत दादाचं-माझं एक वाक्य जुळलेलं नाही, पण पेशी जुळल्या.

मंगळवार, ७ जानेवारी

वर्गात 'भाऊ' या विषयावर दहा ओळींचा निबंध होता. विषय मी निवडलेला नाही, पुस्तकातच आहे. पण एकतीस निबंध तपासताना डोक्यात माझाही सुरू झाला, दहा ओळींत न मावणारा. तो इथे लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

नऊ वर्षांपूर्वी जालन्याहून मी एक बॅग घेऊन दादाकडे आले. नवरा मारायचा. दादाने मला चहा दिला, बॅग आत ठेवली आणि दोन दिवस प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशी उपासनेत सर्वांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बहिणीनं नवऱ्याकडे परत जावं, अशीच देवाची इच्छा आहे. मला तसं स्पष्ट उत्तर मिळालं आहे." सोमवारी त्यानेच मला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून वेफर्सचं पाकीट दिलं.

मी आठ महिने आणखी राहिले. देवाची इच्छा म्हटल्यावर काय करणार. आठव्या महिन्यात डावं मनगट मोडलं. ते नीट बसलं नाही, अजूनही पाण्याची बादली उजव्या हातानेच उचलते. मग मी पुन्हा सुरतेला आले, पण दादाकडे नाही. लिंबायतला खोली घेतली, महापालिकेच्या मराठी शाळेत लागले. घटस्फोट झाला. देवाला विचारलं नाही, वकिलाला विचारलं.

त्याच मंडळीत का जाते, असं शेजारची शोभा विचारते. जवळपास मराठी उपासना तेवढीच आहे म्हणून. आणि मी का सोडू? मी काय केलं होतं?

सोमवार, १३ जानेवारी

वहिनी मोरीत घसरल्या. पायाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मुलगा-सून दुबईत. आता दादाला डायलिसिसला कोण नेणार? माझी शाळा सकाळची, बारा वाजता सुटते. मंडळीत शंभर माणसं आहेत आणि सगळी प्रार्थना करतात, पण दुपारी मोकळी मी एकटीच निघाले.

मी फोनवर वहिनींना सांगितलं, "नेईन. बोलणार नाही."

दादा पांडेसऱ्यात रंगमास्तर होता. तीस वर्षं कापडाचे रंग जुळवले. एवढा धिप्पाड माणूस, आज रिक्षात चढताना त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला. मी बोलले नाही. तोही बोलला नाही. फक्त उतरताना त्याने रिक्षावाल्याच्या डोक्यावर हात ठेवून "प्रभू तुमचं भलं करो" म्हटलं. तो रिक्षावाला म्हणाला, "काका, जरा जल्दी करो ने."

शुक्रवार, २४ जानेवारी

चार तास. हाताच्या शिरेत दोन जाड सुया, रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. मी बाकावर बसून वह्या तपासते. मशीन सुरू होण्याआधी दादा डोळे मिटून प्रार्थना करतो, रोज तीच: "बापा, आजच्यापुरती कृपा दे."

मी बोलायचं नाही ठरवलं होतं, पण आज राहवलं नाही. "आजच्यापुरतीच का? मागायचीच तर एकदम वर्षाची मागावी."

तो हसला. "रानात इस्राएली लोकांना मान्ना मिळायचा ना, आकाशातून पडलेलं अन्न, रोजचा रोज. उद्याचा साठवला तर किडे पडायचे."

"मग परवा काय करतोस?"

"परवा पुन्हा मागतो. सुषे, मशीन दोन दिवसांचंच आयुष्य देतं. जास्त मागून ठेवायचं कुठे?"

सोय आहे. सर्वसमर्थ देव आणि रेशनवर कृपा. मी पुन्हा वह्यांत डोकं घातलं. पण 'सुषे' म्हणाला. हे नाव आई गेल्यावर कोणी घेतलं नव्हतं. त्याने विचारून घ्यायला हवं होतं.

घरी येताना त्याच्यासाठी भाजी घेतली. पालक, टोमॅटो, बटाटा चालत नाही. दुधी चालतो, तोही दोनदा उकळून पाणी फेकून. हे सगळं वहिनींना जमणार नाही म्हणून मी करते. दुसरं काही कारण नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

महिला संघ घरी आला. आठ जणी, एक बिस्किटाचा पुडा.

"भगिनी, किती मोठा मान दिलाय प्रभूने तुम्हाला!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"आपल्याला दोन किडन्या देण्यामागे त्याचा हाच हेतू असणार," दुसऱ्या म्हणाल्या.

मी चहा ओतत म्हटलं, "हो ना. तुम्हालाही दोनच दिल्यात का?"

अध्यक्षबाई बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत वाचू लागल्या.

"म्हणजे तुमच्यापैकी कोणी तपासून घेतलं का, असं विचारत होते. नात्याबाहेरच्यांनाही परवानगी मिळते म्हणतात. कागदपत्रं जास्त लागतात, पण देवाची इच्छा असेल तर कागदपत्रांचं काय एवढं."

बिस्किटं खाल्ली आणि प्रार्थना करून गेल्या. प्रार्थनेत माझं मन मऊ होण्यासाठी विनंती होती.

शेजारची शोभा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती नंदुरबारकडची. नवरा पॉवरलूमवर. त्या सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "सुषमाताई, तुना देव बी मना सासरासारखा शे. काम सांगस, कारन नही सांगत."

मी हसले. मग तिला सांगितलं की असं बोलू नये. ती म्हणाली, "तू बोलस ते चालस का?" मी म्हटलं, मी घरची आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज तिसऱ्या तासाला दादाचं ब्लडप्रेशर एकदम खाली आलं. डोळे फिरले. नर्सने पाय वर केले, सलाईन लावलं, "दादा, दादा, जागते रहो" म्हणत गालावर चापट्या मारत होती. पाच-सात मिनिटं. मग तो परत आला.

नर्स म्हणाली, "बेन, हवे हाथ छोडी दो." मी त्याचा हात धरला नव्हता. नाडी बघत होते.

शुद्धीवर आल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "मेला असतास तर देवाची इच्छा म्हणावं लागलं असतं सगळ्यांना. पाळकसाहेबांची तयारी असेलच."

"तू काय म्हटलं असतंस?"

मी वह्या पिशवीत भरल्या. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की ती पाच-सात मिनिटं मी 'आजच्यापुरतं, आजच्यापुरतं' असं पुटपुटत होते. रोज ऐकून कानात बसलं असावं. पाढ्यांसारखं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ठरवलं. देते.

कारणं लिहून ठेवते, कारण लोक पुढे भलतीच लावतील. देवाने मला सांगितलेलं नाही. स्वप्न पडलं नाही, बायबल उघडल्यावर नेमकं वचन समोर आलं नाही, मन मऊ झालं नाही. मी त्याला क्षमा केलेली नाही. किडनी आणि क्षमा हे दोन वेगळे अवयव आहेत. डॉक्टर पहिला काढू शकतात.

मला फक्त सोमवार-बुधवार-शुक्रवार त्याला रिक्षाचा दांडा दोन्ही हातांनी धरताना बघवत नाही. एवढंच.

वहिनींना सांगितलं तर त्या प्लास्टरसकट उठायला लागल्या. दादाला सांगितलं तेव्हा त्याने पायावरची चादर नीट केली. मग म्हणाला, "तू नाही म्हण. मी ऐकेन."

"का? देवाचं स्पष्ट उत्तर मिळालं का तसं?"

त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. मग घरी येऊन बरं वाटेना.

गुरुवार, ६ मार्च

शेवटची तपासणी. हातात औषध टोचून मोठ्या गोल मशीनमध्ये घातलं. श्वास रोखा, श्वास सोडा. किडनीच्या नसांचा नकाशा काढतात म्हणे. यानंतर समितीसमोर मुलाखत, तिथे विचारतात की तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का. मी उत्तर तयार केलंय: "शंभर माणसांचा आणि एका देवाचा. पण सही माझी आहे."

सोमवार, १० मार्च

डॉक्टरीणबाईंनी दादाला न घेता मला एकटीला आत बोलावलं. तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, मुलाखतीची तारीख असेल.

"बेन, बेसो." मग हिंदीत. माझ्या डाव्या किडनीत गाठ आहे, दोन सेंटिमीटरची. बहुधा कॅन्सरच, पण अगदी सुरुवात. सोनोग्राफीत दिसली नव्हती, या तपासणीत दिसली. दुखत नाही, लघवीत काही नाही. चार-पाच वर्षांनी त्रास सुरू झाला असता, तोवर बाहेर पसरली असती. आता तेवढा भाग काढला की झालं, बहुतेक दुसरं काही लागणारही नाही.

"आप देने आई थीं, इसलिए मिला," त्या म्हणाल्या. "अच्छा हुआ ना?"

मी विचारलं, "आणि माझा भाऊ?"

त्यांनी मान हलवली. "आप अब किसी को नहीं दे सकतीं. उनका नाम वेटिंग लिस्ट में डालेंगे."

बाहेर आले. दादा मशीनवर होता. मी त्याला काही सांगितलं नाही. बाकावर बसून सहावीच्या वह्या काढल्या. एकीत 'कृपा' शब्द चुकला होता, ऋकार विसरली होती पोरगी. मी तीनदा दुरुस्त करून लिहिला. कागद फाटला.

मंगळवार, ११ मार्च

शाळेतून रजा घेतली. शोभाला सांगितलं, ती रडली आणि भाकरी-भरीत करून आणलं. म्हणाली, "खाय पहिले. रडानं मंग." खाल्लं.

मला माहीत आहे आता मंडळी काय म्हणणार. बघा, बघा देवाची योजना! भावाची किडनी गेली म्हणून बहिणीची गाठ सापडली! आठ दिवस साक्ष देतील. पण मला एक सांगा, गाठही त्यानेच दिली असणार ना? तिच्यासाठी कोणी आमेन म्हणत नाही. आणि मला वाचवायचंच होतं तर त्याला दुसरा मार्ग सुचला नाही? एका माणसाच्या दोन किडन्या जाळून दुसऱ्याला निरोप धाडायचा? त्यापेक्षा पोस्टकार्ड टाकायचं.

हे मी त्याला आज तोंडावर विचारलं. म्हणजे देवाला. दोन तास. एवढं सलग मी त्याच्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. उत्तर आलं नाही. पण शेजारी बसून कोणीतरी ऐकतंय असं वाटत राहिलं. भरीत जास्त झालं होतं, त्यामुळेही असेल.

बुधवार, १२ मार्च

आज मशीन सुरू झाल्यावर दादाला सांगितलं. सरळ, चार वाक्यांत.

तो छताकडे बघत राहिला. मग डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळू लागलं, एका हातात सुया, दुसऱ्याला प्रेशरचा पट्टा, पुसायला हात मोकळा नव्हता. मला वाटलं, किडनी हुकली म्हणून.

"बरं झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

"मी आजारी पडलो ते. नाहीतर तुझं कळलंच नसतं."

"दादा, आता देवाचं नाव घेतलंस तर मी हे मशीन बंद करीन."

"नाही घेत." मग तोंड भिंतीकडे वळवून: "एकदा घेतलं होतं. खोटं."

मी वही मिटली.

"मला काही उत्तर मिळालं नव्हतं, सुषे. दोन दिवस प्रार्थना केली, काहीच ऐकू आलं नाही. मी नवा नवा वडील झालो होतो. नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात ठेवली तर लोक काय म्हणतील, तेवढंच ऐकू येत होतं. तेच मी देवाच्या नावानं सांगितलं." त्याचा श्वास अडकत होता. "मनगटाचं कळलं तेव्हापासून मी पहिल्या रांगेत बसतो, ते मागे वळून तुला बघायला लागू नये म्हणून."

नर्स येऊन ब्लडप्रेशर बघून गेली. माझ्याकडे आठ वर्षं तयार केलेली वाक्यं होती, चांगली धारदार. एकही सापडेना.

"क्षमा कर म्हणत नाही," तो म्हणाला. "मला मागायचाही हक्क नाही."

"गप्प बस," मी म्हटलं. "प्रेशर वाढेल."

मग त्याच्या कानापर्यंत गेलेलं पाणी माझ्या पदराने पुसलं. कानात पाणी गेलं की ठणका लागतो, म्हणून.

रविवार, १६ मार्च

पाळकसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की भगिनी सुषमा साक्ष देतील. मी जिन्याजवळच्या खुर्चीवरून मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा दादा उठला. पुढे गेला नाही, तिथेच मागे वळला, सगळ्यांकडे तोंड करून.

"साक्ष माझी आहे," तो म्हणाला. आणि बुधवारी मला जे सांगितलं तेच सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. मनगटाचं सांगितलं. "हे मी देवाच्या नावावर खपवलं," म्हणाला. "त्याची इच्छा काय आहे ते मला आजही सगळं कळत नाही. पण ती नव्हती. आणि मी आजपासून वडील नाही."

कोणी आमेन म्हटलं नाही. आमच्या मंडळीत असं पहिल्यांदाच झालं असेल. महिला संघाच्या अध्यक्षबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, सापडत नव्हतं.

मी उठून खाली गेले. कारखान्यात बायका बसल्या होत्या, साड्यांचे ढीग लागले होते. एकीने सरकून जागा दिली. काही विचारलं नाही. मीही तिच्याबरोबर घड्या घालू लागले. डाव्या हाताने नीट जमत नाही, तिने कोपरा धरून दिला. उपासना संपेपर्यंत नऊ साड्या झाल्या.

बुधवार, २६ मार्च

उद्या ऑपरेशन. भरती झाले. फॉर्मवर 'जवळचा नातेवाईक' अशी ओळ होती. मी पेन घेऊन जरा थांबले, मग दादाचं नाव लिहिलं. फॉर्म भरायचाच होता.

भीती वाटते. हे विनोद करून लिहिता येईना, म्हणून तसंच लिहिते. बापा, आजच्यापुरती.

सोमवार, ३१ मार्च

गाठ निघाली. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे आत काही उरलेलं नाही, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पोटाला टाके, हसलं की ओढ बसते, त्यामुळे पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा मी फार सोसलं. त्यांनी मात्र देवाच्या योजनेबद्दल काही काढलं नाही. डोक्यावर हात ठेवून गप्प उभे राहिले आणि गेले. माणसं शिकतात.

संध्याकाळी दादा आला, डायलिसिस संपवून थेट. हाताला अजून पट्टी होती. वहिनी काठी घेऊन बरोबर होत्या, त्या खाली बाकावर बसल्या. तो एकटा वर आला, दम लागला होता. यादीत त्याचं नाव लागलंय. कधी नंबर येईल कोणी सांगू शकत नाही. मला वाटलं, आता प्रार्थना करणार. नाही केली. स्टूल ओढून बसला.

नर्स येऊन ओरडली, "बेन, पाणी नथी पीता! तीन लिटर रोज!"

दादा उठला आणि जगमधून ग्लास भरला. त्याला स्वतःला दिवसाला लिटरभर पाण्याची परवानगी आहे, चहा-आमटी धरून. उन्हाळा सुरू झालाय. डायलिसिसवरून आल्यावर त्याचे ओठ पांढरे पडलेले असतात. त्याने ग्लास माझ्या हातात दिला आणि मी पिताना बघत राहिला, एकेक घोट.

"तहान लागते का रे तुला?"

"लागते."

"मग हे बघवतं कसं?"

"तुझं जातंय ना आत," तो म्हणाला.

मी दुसरा ग्लास प्यायले. माझे देवाशी बरेच हिशोब बाकी आहेत. त्याचा या सगळ्यात हेतू काय होता ते मला कळलेलं नाही, आणि ज्यांना कळलंय असं वाटतं त्यांना मी जिन्याजवळून बघत आलेय. पण शुक्रवारपासून रोज सकाळी जाग येते. काल आली, आज आली.

दादाने रिकामा ग्लास घेतला. जग जरा जड होता, त्याने तो दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि पुन्हा माझ्याजवळ बसला.

"अजून एक दे," मी म्हटलं.

तो उठला. मला तहान नव्हती.